गारठ्याचं साल

आमच्या गावातल्या जुन्या माणसांची कालगणना प्रसंगांची होती. कुणाचा जन्म मानमोडीच्या साथीतला, कुणाचं लग्न गांधीजी गेले त्या वर्षीचं, कुणाची बैलजोडी बहात्तरच्या दुष्काळात छावणीला गेलेली. आकडा विचारला की चाचपडायचे. प्रसंग विचारला की वार-तिथीसकट सांगायचे. निफाड तालुक्यात, कादवेच्या काठी आयुष्य काढलेल्या या माणसांच्या यादीत आणखी एक साल होतं. त्याला ते गारठ्याचं साल म्हणत.

ते साल १९४५. हवामान खात्याच्या दप्तरात नाशिकचा नीचांक ७ जानेवारी १९४५ या तारखेवर नोंदलेला आहे. त्या पहाटे पारा शून्याच्या घरात गेला होता. माझ्या आजोबांना, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या दादांना, ही तारीख ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते सांगायचे, "संक्रांतीला आठ दिस होते. हाळावर बैल नेले तर बैल पाण्याला तोंड लावीनात. बघतो तर पाण्यावर पापडी धरलेली. बापानं हातानं फोडली, तव्हा जनावरं प्याली."

महायुद्धाचे दिवस होते. कापड कंट्रोलचं, रॉकेल रेशनवर. घरात घोंगडी असली तर एखादी, ती घरधन्याच्या खांद्यावर. बाकीच्यांनी गोधडीत अंग चोरून झोपायचं. शिवारात हरभरा फुलावर होता, दोन रात्रींत तो काळा पडला. पिकाचा हिशेब दादा एका वाक्यात संपवत, "पीक काय, पुढल्या साली येतं." माणसांची गोष्ट मात्र ते सावकाश, थांबत थांबत सांगत. त्यांच्या सांगण्यात वयाप्रमाणे तपशील कमी झाले नाहीत, उलट पक्के होत गेले.

त्या काळी गव्हाचं भरणं मोटेवर. पहाटे तीनला मोट जुंपायची. एक जण बैल हाकणार, दुसरा शेतात बारं देणार. मोटेचं पाणी थारोळ्यात, थारोळ्यातून पाटाला, पाटातून वाफ्यात. बारं देणाऱ्याचे पाय उजाडेपर्यंत चिखलात. आमच्याकडे तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा एक सालगडी होता. अंधारात त्याचा पाय घसरला आणि तो पाटात आडवा झाला. कमरेपर्यंत भिजला, पण मालकाला सांगायला गेला नाही. मोट चालू होती, पाणी वाहत होतं, ते अडवून घरी जाऊन कपडे बदलावेत ही मुभा गड्याला त्या काळात कोण देणार? तो तसाच उभा राहिला. उजाडताना दादा चहा घेऊन मळ्यात गेले, तेव्हा तो बांधावर बसून अंगातली बंडी काढत होता.

"काय करू राहिला रे?" दादांनी विचारलं. त्याचं उत्तर जड जिभेनं आलं. त्याला गरम होत होतं.

बाजूच्या रानात धनगरांचा वाडा बसला होता. सुगी सरली की सिन्नरकडचे धनगर मेंढ्या घेऊन गोदाकाठाला उतरत, शेतकरी लेंडीखतासाठी त्यांना रानात बसवत आणि बदल्यात धान्य देत. आरडाओरडा ऐकून वाड्यातला एक म्हातारा आला. तोवर चार माणसं जमली होती. एकानं पोराला शेकोटीशी ओढलं होतं, दुसरा तळपाय घासायला बसला होता, तिसरा दारूची बाटली आणायला पळाला होता. म्हाताऱ्यानं सगळ्यांना बाजूला केलं. "चोळू नका. हलवू नका त्याला," एवढंच तो म्हणाला आणि कामाला लागला. आधी ओलं धोतर सोडलं. कोरड्या फडक्यानं अंग टिपलं, घासलं नाही. बाजरीच्या सरमाडाचा वीतभर थर खाली घातला, त्यावर पोराला निजवलं. आपला फेटा सोडून त्याच्या डोक्याला आणि मानेला गुंडाळला. मग स्वतः अंगरखा काढून त्याच्या पाठीशी उघड्या छातीनं पडला आणि दोघांवर दोन घोंगड्या ओढून घेतल्या. बाटली आली ती त्यानं परत पाठवली. बऱ्याच वेळानं पोराचे दात वाजू लागले, अंग लटलट कापू लागलं. जमलेली माणसं घाबरली. म्हातारा मात्र म्हणाला, "आता वाचला." पेला स्वतःच्या हातानं धरता येऊ लागल्यावरच त्याला गुळाचं कोमट पाणी दिलं.

पुढे कितीतरी वर्षांनी डॉक्टरी पुस्तकांत मी हाच क्रम वाचला. आपल्या शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू होतो. कापरं भरणं हा शरीराचा बचाव आहे. स्नायू हलून हलून उष्णता तयार करत असतात. कापरं थांबलं आणि माणूस तरीही थंडगारच असला, तर शरीराची शिल्लक संपली असं समजायचं. मेंदू मंदावतो, जीभ अडखळते, आणि शेवटच्या टप्प्यात काही माणसांना उकडल्याचा भास होऊन ती कपडे काढू लागतात. अशा वेळी हातपाय जोरात चोळले किंवा माणसाला पळवलं, तर हातापायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे जातं आणि त्याचा ठोका बिघडू शकतो. आगीशी बसवलं तर बधिर कातडी भाजते आणि त्याला कळतही नाही. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. ऊब द्यायची ती छातीला, पाठीला, मानेला, काखांना. ओलं आधी काढायचं, जमिनीपासून अंग तोडायचं, डोकं झाकायचं. हे सगळं त्या म्हाताऱ्याला मेंढपाळीनं शिकवलं होतं. गारठलेलं कोकरू शेकोटीत कुणी धनगर टाकत नाही, आपल्या घोंगडीत छातीशी धरतो. आज एवढी एकच भर घालायची: हे करत असतानाच १०८ ला फोन लावायचा आणि माणसाला आडवंच ठेवून दवाखान्यात न्यायचं.

दादांची गोष्ट रानातली, तर आजीची घरातली. तिला आम्ही जिजी म्हणायचो. जिजीची आई सुईण होती. बाळंतिणीची खोली म्हणजे त्या काळी घरातली सर्वांत अंधारी, सर्वांत बंद जागा. थंडीच्या दिवसांत दाराच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, झरोक्याला पोतं लावायचं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून तीवर ओवा-शेपा टाकायचा. ऊब राहते, वारं लागत नाही, अशी समजूत. गारठ्याच्या त्याच आठवड्यात शेजारच्या गावात एक बाळंतीण आणि तिचं बाळ सकाळी उठलीच नाहीत. अंगावर ओरखडा नाही, ताप नव्हता, संध्याकाळी दोघं चांगली होती. गावानं बाहेरवसा ठरवून टाकला. जिजीच्या आईनं मात्र खोलीत पाऊल टाकताच झरोक्याचं पोतं ओढून काढलं. कोपऱ्यातली चिमणी विझलेली होती, तेल भरपूर असताना. तिनं तिथंच बाकीच्या बायांना सांगितलं, "दिवा ज्या हवेत जगला न्हाई, त्या हवेत लेकरू कसं जगंल?"

त्या दिवसापासून तिनं आपल्या हातच्या प्रत्येक बाळंतिणीसाठी एक नेम केला. शेगडी आणायची ती अंगणात पुरती पेटवून, धूर गेल्यावर. शेक झाला की शेगडी खोलीबाहेर. झोपताना खोलीत विस्तव नाही. झरोका हातभर नाही, पण चार बोटं उघडा. सासवा भांडायच्या, वारं लागेल म्हणायच्या. ती हटायची नाही. जिजीनं हा नेम सुनांच्या बाळंतपणात चालवला, आणि आमच्या घरात तो आजही चालतो.

निखारा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं त्याला धरतं, आणि मग प्राणवायूला जागाच उरत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर हेही कळत नाही. आणि बंद खोली फक्त त्या काळातच होती असं नाही. नाशिक-पुण्याच्या फ्लॅटमध्ये चार बाय पाचच्या बाथरूममध्ये गॅस गिझर लावलेला असतो, थंडी म्हणून वरची काच घट्ट लावलेली असते, आत माणूस निवांत आंघोळ करत असतो. जिजीच्या आईचा नेम तिथं जसाच्या तसा लागू आहे. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा; आत असेल तर पाणी आधी बादलीत काढून, गिझर बंद करून मग आंघोळीला बसायचं; झरोका बुजवायचा नाही. विजेची कांडी बादलीत असेल तर बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. आणि कोणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडक्या उघडायच्या, गॅस बंद करायचा, माणसाला उघड्यावर आणायचं.

बाळाच्या उबेचं महत्त्व आता विज्ञानानंही मानलं आहे, आणि त्यातलं मोठं काम महाराष्ट्रातच झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळ गार पडू नये म्हणून त्याला लगेच कोरडं करणं, गुंडाळणं, अशक्त बाळासाठी उबदार झोपण्याची पिशवी वापरणं, हा त्या शिकवणीचा एक भाग होता. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि जगानं वाचले. नवजात बाळाचं तापमान ३६.५ अंशांच्या खाली गेलं की ते गारठलं असं मानतात. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून वरून पांघरूण घेणं, हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय. त्यात विस्तव लागत नाही.

आमच्या निफाडलाच एवढी थंडी का, हे दादांना विचारलं की ते आभाळाकडे बोट करत. "चांदण्या लख्ख दिसल्या, वारं पडलं, की समजायचं उद्या दहिवर." त्यांचं निरीक्षण अचूक होतं. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडून गेलं की उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात. मग आभाळ निरभ्र होतं. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळात सोडून देते. ढग असते तर त्यांनी ती परतवली असती. वारा नसला की गार, जड हवा उताराउतारानं खोलगट भागात येऊन साचते. गोदावरी आणि कादवा जिथं नांदूरमध्यमेश्वरला मिळतात, तो सगळा पट्टा सखल. म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दरवर्षी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तिथं पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. त्याच आठवड्यात, २९ डिसेंबरला, नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली आणि जानेवारी १९३७ चा ३.९ चा नीचांक मोडला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी, सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबच्या परिसरात दव गोठतं, त्याचे फोटो सगळीकडे फिरतात आणि पर्यटकांच्या गाड्या घाटाला लागतात.

त्याच रात्री शेतकरी कुठं असतो, हे त्या फोटोंत येत नाही. मोट गेली, इंजिन गेलं, विजेचे पंप आले. पण रात्रीचं भरणं गेलं नाही. शेतीची वीज पुष्कळ ठिकाणी अजून आळीपाळीनं येते, आठवड्यातले काही दिवस रात्रीची. मध्यरात्री लाईट आली की बॅटरी घेऊन गव्हाला, कांद्याला बारं द्यायला निघायचं. सालगड्याच्या पायांखाली होता तोच चिखल आजही शेतकऱ्याच्या पायांखाली आहे. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आली, ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच. ती प्रत्येक शिवारात पोचणं हा माझ्या मते थंडीपासून जीव वाचवण्याचाच कार्यक्रम आहे, आणि त्याकडे त्याच निकडीनं पाहायला हवं. तोवर गमबूट, सुक्या कपड्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत, थर्मासमध्ये गोड चहा, आणि सोबतीला दुसरा माणूस. दादा त्या सालानंतर कधीही गड्याला एकट्याला बाऱ्यावर धाडत नसत. दोघं नसतील तर पाणी तुंबो, पीक वाळो, पण रात्रीचं भरणं बंद.

द्राक्षबागांनी या रात्रींना नवं काम दिलं. थॉमसनची बाग आमच्याकडे आली ती वडिलांच्या काळात. द्राक्षात पाणी उतरायच्या सुमाराला पारा घसरला की मणी फुगायचा थांबतो, मग तडकतो. वर्षाची कमाई ओळीतल्या घडांवर टांगलेली असते. म्हणून पहाटे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडायचं. जमिनीच्या पोटातलं ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी ऊबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. बांधाबांधावर शेकोट्या पेटवायच्या. वडील अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, आणि हातात काठी घेऊन एका शेकोटीकडून दुसरीकडे जात. शेजारच्या मळ्यातून हाक यायची, "झोपले का हो?" इकडून उत्तर जायचं. ती हाक नुसती गप्पांची नव्हती. तासातासानं ती यायलाच हवी, आली नाही तर उठून बघायला जायचं, हे चारही मळ्यांचं ठरलेलं होतं.

रस्त्यावरही असाच एक नेम होता. रात्री बैलगाडी हाकताना जुवाखाली नाहीतर आसाला कंदील टांगायचा, म्हणजे धुक्यात मागच्याला गाडी दिसते. आता मुंबई-आग्रा रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेच्या धुक्यात धावतात आणि पुष्कळांच्या मागे लाल दिवा नसतो, चमकणारी पट्टीही नसते. धुकं दाट असेल तर गाडीचा दिवा खालचा ठेवावा, वरच्या झोताचा उजेड धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. काहीच दिसेना तर रस्ता सोडून, पेट्रोलपंपावर नाहीतर ढाब्यावर थांबावं. कडेला गाडी उभी करून आत झोपणं धोक्याचं.

दादा ऐंशीच्या पुढे गेले तेव्हा थंडीचा नेम त्यांनी स्वतःवरही लावला. पन्नास वर्षांची पहाटे चारची गार पाण्याची आंघोळ त्यांनी मुकाट्यानं सोडली. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. हिवाळ्याच्या पहाटे हृदयविकाराचे झटके वाढतात ते यामुळे. म्हाताऱ्या शरीराला थंडी उशिरा कळते, कापरंही कमी भरतं. अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसायचं, डोक्याला टोपी, पायांत मोजे, फिरायला जायचं ते ऊन अंगणात आल्यावर. मधुमेह असणाऱ्यांनी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळल्याशिवाय पायाशी घेऊ नये, त्यांच्या पायांना भाजलेलं कळत नाही. जेवणात बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, उडदाचं घुटं, गूळ-तूप. अंगात जळायला काही असलं तरच ऊब तयार होते. रिकाम्या पोटी गोधड्यांचा ढीगही पुरत नाही.

दुष्काळ, पूर, वादळ यांना आपण संकट मानतो, थंडीचं मात्र आपण कौतुकच करत आलो. केंद्र सरकारनंही थंडीची लाट आणि दव गोठणं यांचा समावेश आपत्तीच्या मदतीच्या यादीत केला तो २०१२ साली. हवामान खात्याचं गणित स्पष्ट आहे: सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा कमी आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक घसरलेलं, किंवा सरळ चार अंश आणि त्याखाली, म्हणजे थंडीची लाट. अशी लाट येणार असली की तिचा इशारा मोबाईलवर येतो. तो आल्यावर काय करायचं, हे जुन्या माणसांनी आपल्याला दाखवून ठेवलं आहे. त्यांच्या एकाही गोष्टीत माणूस एकट्यानं वाचलेला नाही. सालगड्याला धनगरानं वाचवलं, बाळंतिणींना सुईणीनं, वडिलांना शेजारच्या मळ्यातल्या हाकेनं सांभाळलं.

तेव्हा इशारा आला की त्या संध्याकाळी आपल्या ओळीतलं एकटं राहणारं म्हातारं माणूस जेवलं का, पांघरूण पुरेसं आहे का, हे जाऊन विचारावं. रानात उसतोडीच्या कोप्या पडल्या असतील तर तिथं जावं. पाचटाच्या त्या कोपीत लेकरं झोपलेली असतात आणि दाराशी चूल धगधगत असते. चूल विझवून झोपायला सांगावं, आणि सांगायला जाताना हातात दोन घोंगड्या, लहान मुलांच्या टोप्या असाव्यात. रस्त्यावर झोपणारं माणूस दिसलं तर महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यापर्यंत त्याला पोचवावं. भीक घातल्यासारखं नुसतं ब्लँकेट टाकून निघू नये, तो जागा आहे का, बोलतो आहे का, कापतो आहे का, हे थांबून पाहावं. बोलणं जड येत असेल तर त्याला एकटं सोडू नये. १९४५ च्या त्या पहाटे गावाकडे वीज नव्हती, डॉक्टर नव्हता, अंगभर कापड नव्हतं, तरी एक पोर वाचलं. आज आपल्याकडे हे सगळं आहे. एवढं असताना थंडीनं कुणी दगावलं, तर त्याचा दोष आभाळाला देता येणार नाही.